आमच्या घराण्यात कुणालाच नाही

"कुणालाच नाही," मार्गिट फोनवर म्हणाली. "आमच्या घराण्यात बदामाचा त्रास कुणालाच नाही. उलट बदामावरच पोसलंय आमचं घराणं."

पलीकडे ब्रेन्ना हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. ब्रेन्ना लहान मुलांचे फोटो काढायची. टिलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो तिच्याकडे ठरले होते. बाळापुढे अख्खा केक ठेवायचा, बाळानं तो दोन्ही हातांनी कुस्करायचा आणि ते माखलेलं ध्यान कॅमेऱ्यात पकडायचं. त्यांच्या डुलुथ शहरात हल्ली कुणाच्याच बाळाचं वर्ष या कुस्करणीवाचून पुरं होत नव्हतं. ब्रेन्ना बोलायला गोड होती, पण नियमांना खाष्ट. बाळ जमिनीवर बसणार, स्टुलावर नाही. केकवर साखरेचे मणी नकोत, खरी फुलं नकोत, आत आधाराच्या काड्या नकोत. मध नको, वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेला तो लावायचाच नाही. फुगे हवेच असतील तर मागे भिंतीला, हाताच्या टप्प्यात एकही नाही. फुटलेल्या फुग्याची चिंधी घशात जायला कितीसा वेळ लागतो? आणि केकमध्ये जे जे पडणार ते बाळानं आधी घरी चाखलेलं हवं. घरात कुणाला त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं. तेव्हा मार्गिटनं ते वाक्य टाकलं होतं, अगदी सहज, हातातल्या फडक्यानं ओटा पुसता पुसता. फोन ठेवून ती भांड्यांकडे वळली. खिडकीतून खाली सरोवर दिसत होतं, एप्रिल उजाडला तरी काठाला बर्फ धरून बसलेलं. तिनं टिलीची वाटी विसळली, चमचा विसळला, आणि चमच्याच्या चिमुकल्या खोलगट भागातून पाणी ओघळत असताना तिचं तिलाच ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. आमच्या घराण्यात कुणालाच नाही. नळ चालूच राहिला. टिली तिच्या पोटची नव्हती, आणि ती हे साफ विसरली होती.

विसरल्याचं तिला वाईट वाटलं नाही. आठवल्याचं वाटलं. फोनवरच्या त्या एवढ्याशा वेळात टिली तिची होती, मुळापासून शेंड्यापर्यंत, ओठावरच्या लवेसकट, आणि त्या वेळात जगात शेल्बी नावाची मुलगी जन्मालाच आली नव्हती. किती हलकं वाटलं होतं! असं विसरता येतं हेच तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं दवाखाने झाले, सुया झाल्या, दोनदा राहून दोनदा गेलं, बहिणीला मात्र नुसतं नवऱ्यानं टोपी काढून खुंटीला लावली तरी दिवस जायचे. तेव्हा दुसऱ्यांच्या पोटांकडे बघून आपल्या पोटात काय काय व्हायचं ते मार्गिटनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, बाळ हातात आलं की ते सगळं निवेल. निवलं नाही. आधी शंभर बायकांचा हेवा वाटायचा, आता एकीचाच वाटू लागला, आणि शंभर जणींचा मिळून जेवढा होता तेवढाच तो भरला. ती एकटी म्हणजे टिलीला जन्म देणारी शेल्बी. वय वीस, उत्तरेकडच्या खाणींच्या गावात पेट्रोलपंपावरच्या दुकानात काम करणारी, बुटकी, नखं कुरतडलेली. दत्तक उघडं होतं. म्हणजे शेल्बीला यांचं नाव-गाव ठाऊक, महिन्याला फोटो जायचे, वर्षातून दोनदा भेट व्हायची. ठरवताना मार्गिटनंच मोठ्या मनानं सांगितलं होतं, मुलीपासून काही लपवायचं नाही. मोठं मन म्हणून जे म्हणतात ते सही करताना असतं. नंतर रोज वापरायला ते पुरत नाही.

दवाखान्यातली ती सकाळ तिला आठवली. मार्गिटनं पाळण्यातून बाळ उचललं तेव्हा शेल्बी पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते, तळवे गादीवर, वर सगळं अंग दाबून. मार्गिटनं विचारलं, "थंडी वाजतेय का तुला?" शेल्बी म्हणाली, "नाही हो. सवय आहे." बाळाकडे तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही, गादीच्या शिवणीकडे बघत बसली. गाडीत बसल्यावर मार्गिट नवऱ्याला, डॅरिनला म्हणाली, "थंड आहे नाही मुलगी?" आणि असं म्हणताना तिला किती बरं वाटलं होतं. थंड आहे. म्हणजे मागे वळून बघणार नाही. पण पुढे वाटेवरच्या पॅनकेकच्या हॉटेलात भेट झाली आणि शेल्बीनं पहिला घास तोंडाजवळ नेला, तेव्हा मार्गिटचा हात टेबलावर तसाच राहिला. घास यायच्या आधी शेल्बीचं तोंड उघडलं आणि खालचा ओठ डावीकडे गेला, किंचित, गंमत केल्यासारखा. टिली रोज असंच करायची. चमचा दिसला की ओठ डावीकडे. मार्गिटला तो टिलीचा नि आपला दोघींचा खेळ वाटायचा. ती तिची नक्कल करून दाखवायची, डॅरिनला हसायला लावायची. त्या दिवसानंतर तिनं नक्कल करणं सोडलं. चमचा पुढे केला की ती आता टिलीच्या कपाळाकडे बघायची.

म्हणून तर हा केक तिला हवा होता. केक तिच्या आईचा, आर्डिसचा. नॉर्वेहून आलेल्या पणजीच्या पेटीतून एक पत्र्याचा साचा आला होता, लांबट, अर्धगोल, आडव्या खाचांचा, आणि त्यात बदामाचं पीठ घालून केलेला केक त्या घरातल्या प्रत्येक पोराच्या पहिल्या वाढदिवसाला समोर यायचा. केक कुस्करायची फॅशन येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याकडे पोरं त्या केकात बोटं खुपसत आली होती. आर्डिसच्या जिन्याच्या भिंतीला ते फोटो ओळीनं टांगलेले: आर्डिसचे भाऊ, आर्डिस, मार्गिट, मार्गिटची बहीण, बहिणीचे तिन्ही वांड मुलगे. सगळ्यांची तोंडं माखलेली आणि सगळ्यांपुढे तोच खाचाखाचांचा केक. मार्गिट लहानपणी जिना चढताना त्या फोटोंवरून बोट फिरवत जायची. मोठेपणी तिनं तो जिना टाळला. ख्रिसमसला वरच्या खोलीतून कोट आणायचा असला तरी डॅरिनला पाठवायची. आता त्या ओळीच्या शेवटी आर्डिसनं एक खिळा ठोकून ठेवला होता. नुसता खिळा, चकचकीत. तो पाहिला त्या दिवशी मार्गिट जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि मनात तिनं सगळे मांडे खाऊन घेतले होते. टिलीनं बदामाची पहिली चव घ्यायची ती ह्या केकाची. तोवर मार्गिटनं तिला मुद्दाम बदाम दिला नव्हता. रक्त नाही तर नाही, एक चव तरी आपल्याकडून जावी.

आणि आता विचारायला हवं होतं. ती दोन दिवस विचारायचं टाळत राहिली. फोनवर अक्षरं टाइप करायची आणि पुसायची. "तुमच्या घरात कुणाला" एवढं लिहिलं की बोट थांबायचं. तुमच्या घरात! टिलीचं जे काही आत आहे, उद्या उंची किती होईल, केस कधी पिकतील, गुडघे दुखतील की नाही, ते सगळं त्या पेट्रोलपंपावरच्या पोरीकडे आणि तिच्या आईकडे पडून होतं आणि मार्गिटला ते एकेक करून मागून आणायला लागणार होतं, शेजारणीकडे विरजण मागावं तसं. जन्मभर. शेवटी रविवारी, डॅरिन बाहेर गाडीची बर्फात वापरायची चाकं उतरवून साधी चढवत होता तेव्हा, तिनं फोन लावला.

"टिली बरी आहे ना?" हॅलोच्या आधी शेल्बीनं हेच विचारलं.

"मजेत आहे. एक विचारायचं होतं. तुझ्याकडे कुणाला बदाम, अक्रोड, असलं काही सोसत नाही असं आहे का?"

पलीकडे दुकानाचं दार उघडल्याची घंटी वाजली. शेल्बी कुणाला तरी म्हणाली, "दोन मिनिटं, काका, पळून नाही जात तुमची कॉफी." मग आवाज खाली आला. "कोडीला आहे. माझ्या धाकट्या भावाला. गेल्या ख्रिसमसला कळलं. आजी अक्रोडाचं सारण भरलेली गुंडाळी करते ना, तिचा एवढासा तुकडा खाल्ला त्यानं, आणि तोंड असं सुजलं की डोळे दिसेनात. आई त्याला घेऊन अनवाणी पळाली. डॉक्टरांनी मग सगळंच बंद केलं, बदामसुद्धा. आता आजी खसखशीची करते, नि वर रोज कोडीला शिव्या देते, म्हणे शंभर वर्षांचा रिवाज मोडला ह्या शेंबड्यानं."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही टिलीला घेऊन गेलात, त्यानंतरची गोष्ट ती. करणार होते फोन. करायला हवाच होता. पण म्हटलं, ही पोरगी सारखी फोन करते असं नको वाटायला तुम्हाला." मग ती म्हणाली, "फोटो काढाल तेव्हा एखादा मला पाठवाल?"

"पाठवीन की," मार्गिट म्हणाली आणि फोन ठेवला.

तिला राग आला. आधी कसला ते कळेना, मग कळलं. टिलीच्या अंगात त्या घराचं वावडंसुद्धा होतं! चांगलं जे असेल ते असेल, पण आजारही त्यांचाच, आणि तो तिथून हात लांब करून पणजीच्या साच्यावर झाकण ठेवतो म्हणजे काय? आणि खरंच असेल कशावरून? एखाद्या पोराचं तोंड सुजतं, कशानंही सुजतं. त्या पोरीला फोटोचं कळलं असेल. आम्ही केलेल्या केकनं टिली आमची होते हे तिच्या डोक्यात आलं असेल. मार्गिटला ठाऊक होतं की हे शेल्बीच्या डोक्यात येणं शक्य नाही, हे फक्त आपल्याच डोक्यात येऊ शकतं. पण मत्सराला एकदा चहा पाजला की तो जेवायलाच बसतो. फ्रिजात बदामाच्या मऊ लगद्याचा डबा होता, केकसाठी आणलेला. तिनं तो उघडला. टिली उंच खुर्चीत बसून रिकाम्या चमच्यानं ताटली बडवत होती. एवढंसं. मोहरीएवढं. लावून बघितलं तर काय होणार आहे, काही झालं नाही म्हणजे शेल्बी खोटी, आणि शेल्बी खोटी म्हणजे... म्हणजे काय ते तिनं पुढे पाहिलं नाही. बोटाच्या टोकावर लगदा घेऊन ती वाकली. टिलीनं चमचा टाकला. तिनं डबा विचारला नाही, बोट कुणाचं ते पाहिलं नाही. तोंड उघडलं, खालचा ओठ डावीकडे गेला, आणि ती वाट बघत राहिली.

बाहेर डॅरिनच्या पान्याचा ठणठण आवाज चालू होता. मार्गिटला वाटलं, आता काही झालं तर आपण अनवाणी पळू. नक्की पळू. आणि डॉक्टर विचारतील, घरात कुणाला होतं का, आणि आपण काय सांगणार? तिचं बोट टिलीच्या तोंडाजवळ होतं, टिलीचा श्वास त्याला लागत होता. तिनं ते मागे घेतलं आणि स्वतःच्या तोंडात घातलं. गोड होतं, लहानपणच्या सगळ्या वाढदिवसांइतकं गोड. फसवलं म्हणून टिलीनं भोकाड पसरलं. मार्गिट नळाखाली साबणानं हात धूत राहिली, बोटं लाल झाली तरी धूत राहिली, आणि ते रडणं ऐकत राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं, घरी प्रयोग नको. पुढच्या महिन्यात या, इथे देऊन बघू, तोवर बदाम नाही, अक्रोड नाही. ते आईला सांगायला मार्गिट गेली. आर्डिस स्वयंपाकघरात साचा घासत होती.

"आमच्या वेळी पोरं अंगणातली माती खायची," आर्डिस म्हणाली. "नि वर गांडुळं."

"आई, तिचं तोंड सुजलं तर?"

"मी कुठे म्हणते द्या म्हणून? केळ्याचा करा नि काय." तिनं साचा पुसून उलटा ठेवला. "खिळा ठोकलाय म्हटल्यावर काहीतरी टांगायला लागेलच. केक कसला होता ते भिंतीला काय कळतंय?"

एवढंच. इतकी वर्षं मार्गिट ज्या भिंतीला घाबरत होती तिची मालकीण म्हणत होती, भिंतीला काय कळतंय. मार्गिटला हसू आलं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही, उलट जास्तच एकटं वाटलं, कारण मग ही सगळी आग आपलीच आपण पेटवलेली. घरी येऊन तिनं शेल्बीला फोन केला आणि फोटोच्या दिवशी ये म्हणून सांगितलं. डॅरिन बघतच राहिला. "भेट तर जूनमध्ये आहे ना?" तो म्हणाला. "तुलाच ती नको असते." मार्गिट म्हणाली, "तिच्यामुळे केक बदलला, बघू दे की तिला." त्या बोटाची गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही.

ब्रेन्नाच्या गॅरेजवरच्या खोलीत सगळं नियमाप्रमाणे होतं. जमिनीवर पांढरा कागद, वर मऊ रजई, कोपऱ्यात नंतरच्या अंघोळीचं कोमट पाणी, फुगे मागे भिंतीला. केक केळ्याचा, वर साधं फेटलेलं क्रीम, बसका आणि गोल, एकही खाच नसलेला. शेल्बी ठरल्या वेळेआधीच येऊन खाली ट्रकमध्ये बसून राहिली होती. वर आली ती घडीच्या रेषा उमटलेला शर्ट घालून. "दुकानात दिवसभर दाण्याची पाकिटं हाताळते ना," ती म्हणाली, "म्हणून हा गाडीतच बदलला. हात कुठे धुऊ?" आणि कोपरापर्यंत हात धुऊन ती भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. मार्गिटला ते शहाणपण बोचलं. हिला कुणी सांगितलं होतं? हिच्या डोक्यात आपोआप आलं, आणि आपल्या बोटावर मात्र काय आलं होतं! तिनं टिलीला केकसमोर बसवलं आणि येऊन शेल्बीच्या शेजारच्या खुर्चीत बसली, कारण ब्रेन्नानं तिथेच ठेवली होती.

"चला टिलीबाई, करा विध्वंस!" ब्रेन्ना जमिनीवर पालथी पडून म्हणाली.

टिलीनं केककडे पाहिलं. एक बोट लावलं. मग सगळा तळवा आत दाबला, वर घेतला, आणि बोटांच्या फटींतून ते पांढरं, गार, लिबलिबीत बाहेर येताना बघितलं. तिचा चेहरा हळूहळू मोडला. आपला हात आपला राहिला नाही असंच काहीतरी तिला वाटलं असणार; ती किंचाळून रडली आणि तिनं दोन्ही हात वर केले, कुणाकडे असे नाही, नुसते वर. दोन खुर्च्या एकदमच करकरल्या. मार्गिट उठली होती, आणि तिच्या बाजूला शेल्बीही उठली होती, एक पाय पुढे टाकून, हात निम्मे पसरून. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असेल नसेल, शेल्बी बसली. बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले, तळवे खाली, वर सगळं अंग दाबून. कुरतडलेल्या नखांची टोकं खुर्चीच्या कडेला पांढरी पडली होती.

मार्गिटनं ते पाहिलं. मग तिला दवाखान्यातला पलंग दिसला, आणि गादीची शिवण, आणि गाडीत आपण म्हटलेलं वाक्य. थंड नव्हती ती. तिनं ते हात तेव्हाही असेच दाबून धरले होते, नाहीतर ते पुढे झाले असते. आणि हे समजल्यावर मार्गिटच्या मनात दया आली नाही. पहिल्यांदा आला तो हेवाच, आजवरचा सगळ्यात मोठा. आपल्याला एक बोट आवरायला केवढी झटापट करावी लागली, आणि ही पोर वर्षभर दोन्ही हात दाबून बसली आहे.

तिनं टिलीला उचललं. स्वेटर क्रीमनं भरला. टिली हुंदके देत गळ्याशी चिकटली, मग निवली, मग आपल्या हाताकडे नव्यानं बघू लागली आणि एक माखलेलं बोट तिनं सरळ मार्गिटच्या तोंडात घातलं. केळं लागलं, क्रीम लागलं. ब्रेन्ना कुजबुजली, "वा, हेच, हेच पाहिजे होतं," आणि कॅमेरा वाजत राहिला. टिलीला हा खेळ आवडला. तिनं दुसरी मूठ केकमध्ये बुडवावी म्हणून मार्गिट वाकली. मूठ भरून वर आली, आणि टिलीनं खोलीभर नजर फिरवून ती भिंतीकडच्या खुर्चीच्या दिशेनं पुढे केली.

शेल्बीनं हात काढले नाहीत. ती तशीच बसल्या जागी पुढे झुकली, आणि तिचं तोंड उघडलं. खालचा ओठ डावीकडे गेला.

मूठ तिथवर पोचत नव्हती. टिलीला चालता येत नव्हतं आणि शेल्बी उठणार नव्हती. मधलं अंतर कुणी चालायचं ते उघड होतं. मार्गिट क्षणभर उभी राहिली, कडेवर टिलीचं ओझं, तोंडात केळ्याची चव. कॅमेराही थांबला होता. पोटात जे जळत होतं ते तसंच जळत होतं. मग ती लेकीला घेऊन शेल्बीपाशी गेली आणि टिलीचा हात पोचेल इतकी तिच्यापुढे वाकली.